आरटीएक्स ५०७०: १४४०पी आणि १६५ हर्ट्झसाठी घ्यावं का, आणि घेतल्यावर घोडं कुठे पेंड खातं

बी४५० मदरबोर्ड, त्यावर रायझन ५ ३६०० किंवा ५६००, आरटीएक्स ३०६० किंवा जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि टेबलावर नुकताच आलेला १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल), १६५ किंवा १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा मॉनिटर. चार-पाच वर्षांपूर्वी जोडलेल्या गेमिंग पीसीत हा संच फार दिसतो. मॉनिटर पुढे गेला, कार्ड मागे राहिलं. अशा पीसीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० बसवलं तर काय हाती लागतं, याचा हा रिव्ह्यू आहे. म्हणजे अर्धा कार्डाचा आणि अर्धा कार्डाच्या आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींचा, कारण हर्ट्झ हुकतात ते बहुतेक वेळा कार्डाबाहेर.

निकाल आधीच सांगतो. १४४०पीवर १६५ ते १८० हर्ट्झ गाठायचे असतील आणि सध्या ३०६० किंवा त्याखालचं कार्ड असेल, तर ५०७० योग्य आहे. १०८०पीवर २४० हर्ट्झने फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळत असाल, तर हे पैसे बहुधा प्रोसेसरवर टाकायला हवेत. ४०७० सुपर हातात असेल तर हा रिव्ह्यू इथेच बंद करा, बदलण्यासारखं काही नाही.

कार्ड ५ मार्च २०२५ला बाजारात आलं. ६१४४ कुडा कोअर (कार्डातले गणित करणारे घटक), १२ जीबी जीडीडीआर७ मेमरी, १९२ बिटची बस, ६७२ जीबी प्रतिसेकंद बँडविड्थ, २५० वॉट. ३०६०शी तुलना केली तर तिथे ३५८४ कोअर, ३६० जीबी प्रतिसेकंद आणि १७० वॉट होते. नुसत्या कच्च्या ताकदीवर, म्हणजे डीएलएसएस (लहान चित्र काढून मोठं करणं) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम अंदाजाने बनवणं) दोन्ही बंद ठेवून, १४४०पीवर ३०६०च्या जवळपास दुप्पट फ्रेम मिळतात. जानेवारी २०२४च्या ४०७० सुपरशी गाठ घातली तर मात्र दोघं खांद्याला खांदा लावून चालतात. एका पिढीची उडी म्हणून हे निराशाजनकच आहे. पण ३०६०वाल्याने त्याचं दुःख करायचं कारण नाही.

लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात जानेवारी २०२५मध्ये जेन्सन ह्वांग यांनी ५४९ डॉलरच्या या कार्डात ४०९०ची कामगिरी मिळेल असं व्यासपीठावरून सांगितलं. ते वाक्य अजूनही दुकानात ऐकू येतं. त्याचा सगळा आधार मल्टी फ्रेम जनरेशनवर, म्हणजे एकाहून जास्त बनवलेल्या फ्रेमवर होता, आणि नेमकी हीच गोष्ट १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर कशी फसते ते नीट पाहायला हवं.

उसन्या फ्रेमचं गणित

फ्रेम जनरेशनमध्ये कार्ड दोन खऱ्या फ्रेम काढतं आणि त्यांच्या मध्ये घालायला एक, दोन किंवा तीन फ्रेम अंदाजाने बनवतं. मधली फ्रेम दाखवायची तर पुढची खरी फ्रेम आधी तयार असावी लागते, म्हणून ती खरी फ्रेम थोडा वेळ अडवून ठेवली जाते. माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्यामुळे खऱ्या फ्रेमच्या वेगावर ठरतो, आणि वर हे अडवणं आलंच. तीन बनवलेल्या फ्रेम घातल्या, म्हणजे चौपट केलं, तर काउंटर १६० दाखवत असला तरी हाताला ४० फ्रेमच लागतात.

आता मॉनिटरची मर्यादा जोडा. जी-सिंक (मॉनिटरला कार्डाच्या वेगाने चालवणारं), व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर सोडणारं) आणि रिफ्लेक्स (विलंब कमी करणारं) तिन्ही चालू असतील तर ड्रायव्हर फ्रेम रेट मॉनिटरच्या थोडा खाली आपोआप रोखून धरतो: १४४ हर्ट्झला साधारण १३८, १६५ला १५७ आणि २४०ला २२५. या १५७मध्येच बनवलेल्या फ्रेमही मोजल्या जातात. म्हणजे १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर दुपटीचं फ्रेम जनरेशन लावलं की खऱ्या फ्रेम उरतात ७८, तिपटीचं लावलं की ५२ आणि चौपटीचं लावलं की ३९. कार्डाची ९० खऱ्या फ्रेम काढायची ताकद असली तरी चौपट पर्याय त्याला ३९वर आणून बांधतो. पडदा लोण्यासारखा गुळगुळीत दिसतो आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे आहे. लोक मग ड्रायव्हरला नावं ठेवतात.

तेव्हा १६५ किंवा १८० हर्ट्झवर फ्रेम जनरेशन वापरायचंच तर दुपटीचं, तेही एकट्याने खेळायच्या गेममध्ये आणि खऱ्या फ्रेम ६०-७०च्या वर असतील तरच. तिपटीला जरा अर्थ येतो तो २४० हर्ट्झवर (तिथे खऱ्या फ्रेम ७५ राहतात). चौपटीला तिथेही ५६च उरतात. नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्ये हा पर्याय बंदच ठेवा.

डीएलएसएसचं अपस्केलिंग हा वेगळा प्रकार आहे, त्याची यात गफलत नको. १४४०पीवर ‘क्वालिटी’ निवडलं की गेम आतून ९६०पीवर काढला जातो आणि मग मोठा केला जातो. या फ्रेम खऱ्या असतात, त्यामुळे विलंब वाढत नाही, उलट कमी होतो. डीएलएसएस ४च्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलने चित्र इतकं सुधारलंय की १४४०पीवर ‘क्वालिटी’ डोळे झाकून चालू ठेवावं. ‘बॅलन्स्ड’ही आता सहन होतं. आणि गंमत म्हणजे हे मॉडेल जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालंय. ३०६०वाल्याने ५०७०चे पैसे मोजण्याआधी एनव्हिडिया अ‍ॅपमधून ते लावून पाहायला काहीच हरकत नाही. फुकट आहे.

प्रोसेसर, म्हणजे खरी मेख

१६५ हर्ट्झला एका फ्रेमसाठी ६.०६ मिलिसेकंद मिळतात. ६० हर्ट्झला १६.६७ मिळत होते, १४४ला ६.९४ आणि २४०ला अवघे ४.१७. या वेळात कार्डाने चित्र काढायचं असतंच, शिवाय प्रोसेसरनेही त्याच वेळात शत्रूंच्या हालचाली, गोळ्यांची टक्कर, नेटवर्कवरून आलेली माहिती हे सगळं आटोपून कार्डाला पुढच्या फ्रेमचं काम द्यायचं असतं. प्रोसेसरला त्यासाठी ८ मिलिसेकंद लागत असतील तर छत १२५ फ्रेमवर पडलं. मग खाली ५०७० लावा नाहीतर ५०९० लावा, आकडा हलणार नाही.

‘मी १४४०पीवर खेळतो, तिथे सगळा भार कार्डावरच असतो’ हा युक्तिवाद पाच वर्षांपूर्वी बरोबर होता. डीएलएसएस क्वालिटी चालू केलं की तुम्ही भाराच्या दृष्टीने ९६०पीवर खेळत असता. कार्ड मोकळं होतं आणि घोडं प्रोसेसरपाशी पेंड खातं.

खरेदीआधी हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. नेहमीचा गेम उघडा, जिथे गर्दी असते अशा जागी उभे राहा आणि रिझोल्यूशन ७२०पीवर आणा, बाकी सेटिंग तशीच ठेवा. आता दिसणारा आकडा हे तुमच्या प्रोसेसरचं छत. तो ११०वर अडकला असेल तर नव्या कार्डानेही त्या जागी ११०च मिळतील. ही परीक्षा मोकळ्या मैदानात किंवा मेन्यूमध्ये करू नका, तिथे सगळेच प्रोसेसर हुशार दिसतात. टास्क मॅनेजरमधल्या ‘सीपीयू ४० टक्के’वरही जाऊ नका. बारा थ्रेडपैकी एकच थ्रेड शंभर टक्क्यांना टेकलेला असतो आणि बाकीचे निवांत असतात, तरी सरासरी ४०च दिसते. त्यापेक्षा कार्डाचा वापर पाहा. फ्रेम कॅप आणि व्ही-सिंक बंद असताना तो ९५ टक्क्यांच्या खाली रेंगाळत असेल, तर अडचण कार्डाची नाही.

रायझन ५ ३६०० इथे तोकडा पडतो. त्यात ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) असली तरी ती १६-१६ अशा दोन वाट्यांत विभागलेली आहे. एका वाट्यातल्या कोअरला दुसऱ्या वाट्यातली माहिती लागली की वळसा पडतो, आणि तो वळसा सरासरीत फारसा न दिसता तळाच्या, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेममध्ये दिसतो. म्हणजे काउंटर १३० म्हणतो आणि तरी ग्रेनेड फुटला की पडदा अडखळतो. ५६००मध्ये तीच ३२ एमबी सलग आहे. त्याच बोर्डवर, बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून, ३६०० काढून ५६०० बसवणं हा या अपग्रेडमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लेखलेला भाग आहे. त्याहून वर ९६ एमबी कॅशचे ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी आहेत. नवे मिळणं आता कठीण, पण चांगला सेकंडहँड मिळाला तर एएम४ बोर्डवर (बी४५०चं सॉकेट हेच) गेमिंगसाठी याच्यापुढे काही नाही.

बायोस नव्या प्रोसेसरच्या आधी बदलायचा, नंतर नाही. जुना प्रोसेसर काढून ५६०० बसवला आणि मग लक्षात आलं की बोर्ड त्याला ओळखतच नाही, तर परत थर्मल पेस्ट पुसत बसावं लागतं.

रॅमकडे एक नजर टाका. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर मेमरीची अर्धी वाट बंद आहे. ८-८च्या किंवा १६-१६च्या दोन पट्ट्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. ३२०० मेगाहर्ट्झची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २६६६वरच धावते, आणि अनेक पीसीत ती वर्षानुवर्षं तशीच धावत असते.

पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड ज्यात बसतं त्या स्लॉटच्या वेगाची चिंता मात्र सोडा. ५०७० पाचव्या पिढीचं असलं तरी पूर्ण १६ लेनचं (माहिती जायच्या वाटांचं) आहे. बी४५०च्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला साधारण १६ जीबी प्रतिसेकंद मिळतात आणि फरक जेमतेम जाणवतो. स्वस्तातलं ५०६० टीआय इथे मार खातं. ते ८ लेनचंच आहे, त्यामुळे जुन्या बोर्डवर त्याची वाट ८ जीबी प्रतिसेकंदावर येते, आणि त्याच्या ८ जीबीच्या आवृत्तीत मेमरी भरून ओसंडली की गेम गचके खातो. जुन्या बोर्डवर ८ जीबीचं ५०६० टीआय घेऊच नका.

वीज, वायर आणि यूपीएस

५०७०चे २५० वॉट, ५६००चे जास्तीत जास्त ७६, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे मिळून पन्नास-साठ. बेरीज ३८५च्या आसपास. एनव्हिडिया ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते. चांगल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या आतला ५५० वॉटचा गोल्ड असेल तर तो हे ओढतो. पण कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, बाजूला ‘५०० वॉट’ छापलेला डबा असेल तर कार्डाच्या आधी तो बदला. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ने गुणा. ५०० वॉट छापलेल्या डब्यात तिथे ३०० वॉटच भरत असतील तर बाकीची पाटी शोभेची आहे.

कार्डावर १६ पिनचा १२व्ही-२×६ कनेक्टर आहे आणि दोन ८ पिनांचा अडॅप्टर खोक्यात येतो. त्या दोन ८ पिनांसाठी एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलला शेवटी दोन तोंडं असतात, ती दोन्ही वापरून काम भागतं खरं, पण सगळा भार एकाच केबलच्या वायरींवर येतो. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या केबल चुकूनही लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. केबल तिथे बसते व्यवस्थित, पण १२ व्होल्ट भलत्याच पिनवर जातात आणि कार्ड पहिल्याच सेकंदाला जातं.

कनेक्टर वितळल्याच्या बातम्यांनी घाबरायला नको, निष्काळजीही राहायला नको. सगळे २५० वॉट त्या कनेक्टरमधून गेले असं धरलं तरी १२ व्होल्टला साधारण २१ अँपिअर होतात, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी साडेतीन. ५७५ वॉटच्या ५०९०मध्ये हाच आकडा आठपर्यंत जातो, आणि त्या पिनांची मर्यादा नऊ-साडेनऊची. म्हणजे इथे भरपूर सवड आहे. फक्त प्लग पूर्ण आत गेला पाहिजे. ‘टक’ आवाज पुष्कळदा येतच नाही, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून बाजूने पाहा: प्लग आणि कार्डाच्या सॉकेटमध्ये नखाएवढीही फट दिसता कामा नये. केबल प्लगपासून ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्या, मग वळवा. कॅबिनेटची काच लावताना ती केबल दाबत असेल तर काच काढून ठेवा किंवा कॅबिनेट बदला, जोर लावून बसवू नका.

आपल्याकडे घरोघरी असलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसचा हिशेब कुणी करत नाही. तो ३६० वॉटचा असतो. पीसीचे ३८५ वॉट एसएमपीएसमधल्या नुकसानीसह भिंतीपाशी ४३०च्या पुढे जातात, वर मॉनिटर वेगळा. वीज असेपर्यंत सगळं ठीक चालतं, लाइट गेली की यूपीएस किंचाळतो आणि पीसी बंद. कार्ड खराब निघालं म्हणून दुकानात परत नेण्याआधी हे बघा. या जोडाला १००० ते ११०० व्हीएचा, ६०० वॉटच्या आसपासचा यूपीएस लागतो.

बसवताना

खोक्यावर कार्डाची लांबी लिहिलेली असते. एनव्हिडियाचं स्वतःचं फाउंडर्स एडिशन २४२ मिमीचं आणि दोन स्लॉटचं आहे, पण भागीदार कंपन्यांची तीन पंख्यांची कार्डं २८० ते ३३० मिमीपर्यंत जातात. कॅबिनेटच्या माहितीत ‘३३० मिमी’ असेल तर तो आकडा पुढचे पंखे न धरता दिलेला असू शकतो. पंख्याचे २५ मिमी वजा करा, पुढे रेडिएटर असेल तर त्याचे आणखी २७. आडव्या तोंडाचे साटा पोर्ट कार्डाखाली झाकले जातात, म्हणून हार्डडिस्कच्या केबल आधी लावून घ्या.

जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी स्क्रू-ड्रायव्हरने दाबू नका. तो सटकला की मदरबोर्डवर ओरखडा पडतो आणि एखादी ट्रेस तुटते. लाकडी आइस्क्रीमची काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी पुरते. कार्ड खिट्टी ‘खट्’ होईपर्यंत सरळ दाबायचं, मागचे दोन्ही स्क्रू कसायचे, आणि तीन पंख्यांच्या कार्डाला खालून टेकू द्यायचा. टेकू खोक्यात नसेल तर पन्नास-शंभर रुपयांचाही चालतो.

बायोसमध्ये तीन गोष्टी: ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि ‘रीसायझेबल बार’ चालू (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसावी म्हणून), ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद. इथे एक खड्डा आहे. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद करताच पीसी सुरूच होणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत ते दिसतं. एमबीआर असेल तर विंडोजमधलंच ‘एमबीआर२जीपीटी’ साधन आधी चालवा, अर्थात बॅकअप घेऊन. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बायोस बदलला की तो ती हमखास मागतो. बायोस अपडेट केल्यावर सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात, त्यात सिक्युअर बूट आणि टीपीएमही आले. विंडोज ११वर व्हॅलोरंट ‘व्हॅन ९००१’ची चूक दाखवून बंद पडतं ते त्यामुळेच, कार्डाचा त्यात काही दोष नाही.

ड्रायव्हरबद्दल फार कर्मकांड सांगितलं जातं. एनव्हिडियावरून एनव्हिडियावर जात असाल तर इन्स्टॉलरमधली ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची खूण पुरते. रेडिऑनवरून येत असाल तर मात्र इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळासकट पुसणारं साधन) चालवून जुना ड्रायव्हर काढा. नेट चालू राहिलं तर मध्येच विंडोज स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. २०२५च्या सुरुवातीला ५७२ मालिकेच्या ड्रायव्हरवर काळी स्क्रीन येण्याचा त्रास खुद्द एनव्हिडियाने मान्य केला होता, म्हणून कुणी पेन ड्राइव्हवर जुना ड्रायव्हर दिला तर तो टाकू नका, ताजा उतरवा. राइसर केबलने उभं बसवलेलं कार्ड काळी स्क्रीन देत असेल तर बायोसमध्ये स्लॉट तिसऱ्या पिढीवर कायम करून पाहा.

नंतर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं साधन) उघडा. आरओपीच्या (तयार पिक्सेल शेवटी लिहिणाऱ्या घटकांच्या) रकान्यात ८० दिसायला हवेत. ५० मालिकेच्या इतर काही कार्डांत ८ आरओपी कमी निघाल्याचं एनव्हिडियानेच कबूल केलं होतं. ५०७० त्या यादीत नव्हतं, पण पाहायला पाच सेकंद लागतात. बस इंटरफेसमध्ये ‘एक्स१६’ हवं. रिकाम्या बसलेल्या कार्डावर स्लॉटची पिढी १.१ दिसेल, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवली की ३.० होतं. ‘एक्स८’च राहिलं तर कार्ड नीट बसलेलं नाही, किंवा तुमच्या बोर्डवर दुसरा एम.२ स्लॉट भरल्यामुळे लेन वाटल्या गेल्या आहेत. काही बी४५० बोर्डांवर तसं होतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

मॉनिटर अजून ६०वरच

सगळं झालं, खेळायला बसलात, आणि फरकच वाटत नाही. विंडोज नव्या कार्डाबरोबर मॉनिटरला पुष्कळदा ६० हर्ट्झवर टाकतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १६५ निवडा. यादीत १४४च्या पुढे काही दिसत नसेल तर केबल एचडीएमआयची आहे. स्वस्तातल्या १८० हर्ट्झच्या मॉनिटरवर एचडीएमआय पोर्ट २.० प्रकारचा असतो आणि १४४०पीला तो १४४वर थांबतो. डिस्प्लेपोर्ट १.४ची केबल लावा. आणि केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. ३६०० किंवा ५६००वर बोर्डच्या पोर्टमधून चित्रच येत नाही म्हणून चूक लगेच कळते, पण ५६००जी किंवा इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरवर चित्र येतं आणि गेम प्रोसेसरच्या किरकोळ ग्राफिक्सवर रांगत बसतो. कार्डाला व्हीजीए किंवा डीव्हीआय पोर्ट नाही, जुना दुसरा मॉनिटर जोडायचा असेल तर अडॅप्टर वेगळा घ्या.

मॉनिटरच्या मेन्यूत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू करावं लागतं, नुसतं ड्रायव्हरमध्ये करून भागत नाही. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं की हलणाऱ्या वस्तूंमागे पांढुरकी कड उमटते, एक पायरी खाली आणा. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक आणि व्ही-सिंक चालू, गेममधला व्ही-सिंक बंद, गेममधलं रिफ्लेक्स चालू. गेमला रिफ्लेक्स नसेल तर फ्रेमची मर्यादा हाताने घाला: १६५ला १५७, १८०ला १७१. हर्ट्झचा वर्ग करून ३६००ने भागा आणि आलेला आकडा हर्ट्झमधून वजा करा, इतकाच हिशेब.

नवा ड्रायव्हर टाकल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) पुन्हा तयार होतात. पहिल्या एक-दोन सामन्यांत गचके बसले तर त्यावरून कार्डाची पारख करू नका.

उन्हाळा आणि १२ जीबी

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पंख्याच्या खोलीत ३८-४० अंश सहज होतात. परदेशी रिव्ह्यू वातानुकूलित प्रयोगशाळेतले असतात, त्यांच्या आकड्यांत तुमच्या खोलीतला फरक जसाच्या तसा मिळवा. तिकडे ६८ अंशांवर राहणारं कार्ड इथे ८०च्या पुढे जाईल. ५०७०ची मर्यादा ८५च्या आसपास आहे, त्यामुळे ते जळणार नाही, पंख्यांचा आवाज मात्र वाढेल आणि वेग थोडा उतरेल. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग आणि वीज बदलणारं साधन) पॉवर लिमिट ८५ टक्के केलं की ३७-३८ वॉटची उष्णता कमी होते आणि फ्रेम मोजक्याच जातात. व्होल्टेजची वक्ररेषा हाताने बसवायची असेल तर ०.९२५ व्होल्टला २७०० मेगाहर्ट्झपासून सुरुवात करा, गेम बंद पडला तर ३० मेगाहर्ट्झने खाली या. प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा, शेजाऱ्याचे आकडे उसने घेऊ नका.

१२ जीबी मेमरी ही या कार्डाची खरी उणीव. १४४०पीवर आजच्या बहुतेक गेमला ती पुरते. पण पाथ ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा पूर्ण हिशेब करणारं रे ट्रेसिंग), सगळ्यात वरचं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) आणि फ्रेम जनरेशन एकत्र मागितलं की ती संपते, कारण फ्रेम जनरेशन स्वतःही मेमरी खातं. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलमध्ये टेक्स्चर पूलची पायरी खाली आणल्याशिवाय पाथ ट्रेसिंग नीट चालत नाही. मेमरी संपल्याची खूण म्हणजे सरासरी ठीक आणि मध्येच अर्ध्या सेकंदाची थांब. अशा वेळी आधी टेक्स्चर एक पायरी उतरवा, बाकीच्या सेटिंगला हात नंतर लावा.

याच ५४९ डॉलरच्या घोषित किमतीला एएमडीचं आरएक्स ९०७० आहे: १६ जीबी, २२० वॉट. पाच वर्षं तेच कार्ड चालवायचं आणि रे ट्रेसिंगची फारशी हौस नाही, तर ते जास्त शहाणपणाचं. ९०७० एक्सटी ३०४ वॉटचं, जास्त ताकदीचं, पण ५५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याचा विचार करू नका. त्याला ७५०चा सांगितलाय. ५०७०च्या बाजूने दोन गोष्टी उरतात. रिफ्लेक्स कितीतरी जास्त गेममध्ये आहे, आणि डीएलएसएसचंही तसंच. चढ्या हर्ट्झच्या स्पर्धात्मक खेळासाठी म्हणून पारडं ५०७०कडे झुकतं, नुसती तबियतीने गोष्टीचे गेम खेळणाऱ्यासाठी ९०७०कडे.

भारतात ५०७०ची घोषित किंमत ५९,००० रुपये होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन भाव दर आठवड्याला हलतात, आणि दिव्यांच्या, मोठ्या कूलरच्या आवृत्त्या दहा-बारा हजारांनी वर जातात. २५० वॉटच्या चिपला त्या कूलरची गरज नाही. तीन पंख्यांची साधी आवृत्ती घ्या आणि उरलेल्या पैशांत ५६०० बसवा. ‘बिलाशिवाय घेतलंत तर १८ टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं तर वाचणार आहे तो फक्त त्याचा जीएसटी. बिल नसेल तर वॉरंटीच्या काउंटरवर तुम्हाला कुणी विचारत नाही. बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या आणि कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरशी जुळतोय का ते दुकानातच पाहा, तिन्हींचा एक फोटो काढा, आणि मगच खोकं पिशवीत घाला.